फोटोग्राफीचा प्रोजेक्ट करताय? मग या चुका टाळा

नववी ते बारावीतल्या मुलांना प्रोजेक्टचा विषय विचारला की ठरलेली उत्तरं येतात: निसर्ग, ठाणे शहर, स्त्रीशक्ती. अशा विषयावर पन्नास फोटो काढले तरी एकाचा दुसऱ्याशी संबंध लागत नाही. विषय एवढा लहान हवा की त्याला पत्ता देता आला पाहिजे. संध्याकाळी मासुंदा तलावाच्या कठड्यावर कोण कोण येऊन बसतं? दिवाळे कोळीवाड्यात जाळी कोण दुरुस्त करतं? जांभळी नाक्याच्या बाजारातले फक्त हात घ्या: तोलणारे, सुटे पैसे मोजणारे, कोथिंबीर निवडणारे.

आणि तिथे पुन्हा पुन्हा जा. पहिल्या फेरीत सगळ्यांना सारखंच दिसतं. तिसऱ्या-चौथ्या फेरीला भाजीवाल्या मावशी तुमच्याकडे बघायचं सोडतात, तेव्हा कुठे कामाचे फोटो मिळायला लागतात. एका रविवारी सगळं उरकायची घाई असेल तर सरळ दुसरा प्रोजेक्ट घ्या.

नवी मुंबईतल्या मुलांची हमखास चूक म्हणजे फ्लेमिंगो. नेरुळच्या एका गटाचं सांगतो. रविवारी सकाळी आठला ही मुलं टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीवर गेली. पक्षी भरपूर होते, पण मोबाइलमध्ये नुसते गुलाबी ठिपके आले. पुढच्या रविवारी कुणाच्या तरी काकांचा मोठ्या लेन्सचा कॅमेरा मागून आणला आणि बरोबर त्याच वेळी पोचले, तर समोर चिखल आणि दोन-चार बगळे. ‘सर, पक्षी निघून गेले,’ असा निरोप आला.

पक्षी कुठेही गेले नव्हते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. आठवड्याभरात हा फरक जवळजवळ सहा तासांचा होतो, म्हणजे या रविवारी आठला भरती असेल तर पुढच्या रविवारी आठला ओहोटी. ओहोटीला फ्लेमिंगो खाडीच्या उघड्या चिखलावर खायला पांगतात. पाणी चढून चिखल बुडाला की चाणक्य, डीपीएस तलाव अशा आतल्या उथळ पाण्यात विसाव्याला येतात. कोळी लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. खाडीत आत थोडा उशीर धरायचा. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतंच, पण ते उघडून बघायचे कष्ट मुलांना नको असतात.

पुढचं त्याहून वाईट. तिसऱ्या खेपेला पक्षी सापडले, पण ते शांत उभे. उडतानाचा फोटो हवा म्हणून एकाने दगड भिरकावला. थवा उठला, फोटोही आला. तो फोटो मी प्रदर्शनात लावू दिला नाही. हे पक्षी हिवाळ्यापासून मेपर्यंत इथे पोट भरायला येतात. उठवल्यावर प्रत्येक उड्डाणात त्यांची ताकद वाया जाते. ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिला रामसर दर्जाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ अशी ओळख, मिळाला, पण हे माहीत नसलं तरी दगड मारू नये एवढं कळायलाच हवं. हातात फक्त मोबाइल असेल तर पक्ष्यांच्या मागे लागू नका. त्यांना बघायला आलेली माणसं, चिखलातले पायांचे ठसे, मागचे टॉवर आणि पुढचं पाणी, असा प्रोजेक्ट मोबाइलवर उत्तम होतो.

दुसरी चूक व्हॉट्सअ‍ॅपची. ठाण्यातल्या एका शाळेच्या प्रदर्शनासाठी आठ मुलांनी आपापले फोटो ग्रुपवर टाकले आणि मोबाइल भरला म्हणून मूळ फोटो डिलीट केले. १२ बाय १८ इंचांच्या प्रिंट काढायला गेले तेव्हा लॅबवाल्याने पहिला प्रश्न विचारला, ‘ओरिजिनल कुठंय?’ १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांबी ४००० पिक्सेलच्या आसपास असते, त्यातून १८ इंची प्रिंट चांगली निघते. ग्रुपवर साधा पाठवलेला फोटो सुमारे १६०० वर येतो. शेवटी त्या मुलांच्या महिनाभराच्या मेहनतीच्या पोस्टकार्डाएवढ्या प्रिंट लागल्या. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण त्यातले तीन-चार फोटो फार सुंदर होते.

माझी सवय अशी: घरी आलं की चहाच्या आधी फोटो लॅपटॉपवर, फोल्डरला तारीख आणि जागेचं नाव, एक प्रत पेनड्राइव्हवर. प्रिंट हातात येईपर्यंत काहीही पुसायचं नाही. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

लेन्स पुसा. निम्मे ‘धुरकट’ फोटो बोटांच्या तेलाने झालेले असतात.

चिमटीने झूम करू नका, दोन पावलं पुढे जा.

संध्याकाळच्या बाजारात एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येत असतील तर मोबाइल बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने बदलता येतं) शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, पट्टे जातात.

रुळांवर उतरून फोटो काढायचा विचारही नको. तो रेल्वे कायद्याने गुन्हा आहे आणि जीव जातो.

गरिबी ब्लॅक अँड व्हाइट केली की फोटो आपोआप गंभीर होत नाही.

निवड स्क्रीनवर करू नका. ४ बाय ६ च्या स्वस्त प्रिंट काढा, घरात जमिनीवर मांडा, दोन दिवस तशाच राहू द्या. जाता-येता नजर ज्यांच्यावरून घसरते ते फोटो काढून टाका. आई ओरडेल, ओरडू द्या.

फोटोखाली ‘एक कोळीण’ असं लिहू नका. त्या मावशींचं नाव विचारा आणि ते छापू का, हेही विचारा. प्रिंट त्यांना प्रदर्शनाच्या आधी नेऊन दाखवा. ‘हा नको’ म्हणाल्या तर तो फोटो लावायचा नाही, मग तो तुमचा सगळ्यात चांगला का असेना.