दारात गुंफलेला षट्कोन कसा काढावा

षट्कोन म्हणजे दोन त्रिकोण एकमेकांत गुंतवून होणारा सहा टोकांचा तारा. दारात त्याची रांगोळी काढताना सुतळी आणि खडूने वर्तुळ काढायचा सल्ला सगळे देतात. तो सोडून द्या. सुतळी ताणते, खडू कलतो, आणि शेवटचा बिंदू पहिल्याशी जुळत नाही. सत्तर सेंटिमीटर लांबीची लाकडी पट्टी घ्या. एका टोकाला खिळा जाईल एवढं भोक, तिथून बरोबर 52 आणि 60 सेंटिमीटरवर खडूचं टोक बसेल अशी आणखी दोन भोकं. सुतारकामाच्या दुकानातली कसलीही सरळ पट्टी चालते. शहाबादी फरशीवर खिळा ठोकता येत नाही, म्हणून तो दुसऱ्या कुणाला तरी अंगठ्याने घट्ट धरायला सांगा.

अंगण धुऊन कोरडं करा. मध्यबिंदू ठरवा आणि त्यातून उंबऱ्याला काटकोनात सरळ रेघ मारा. फरशीच्या सांध्यावर विसंबू नका, सांगली-साताऱ्याकडच्या जुन्या वाड्यांत ते क्वचितच काटकोनात असतात. पट्टीने 60 आणि 52 अशी दोन्ही वर्तुळं काढा.

आता सहा बिंदू. त्रिज्येएवढी पावलं टाकत वर्तुळाभोवती फिरायचं, ही रीत कागदावर ठीक आहे. अंगणात दर पावलाला दोन मिलिमीटर चुकले तरी सहाव्याला सेंटिमीटरभर फरक पडतो. त्याऐवजी उभी रेघ मोठ्या वर्तुळाला जिथे दोन ठिकाणी छेदते, ते दोन बिंदू पक्के धरा. पट्टीचा खिळा आधी एका बिंदूवर ठेवून 60च्या भोकातून दोन्ही बाजूंना वर्तुळावर खुणा करा, मग दुसऱ्यावर ठेवून तसंच. चूक साठत नाही. एकाच बाजूच्या दोन शेजारच्या खुणांमधलं अंतरही 60 भरलं पाहिजे. भरलं नाही तर मध्याचा खिळा हलला आहे. वर्तुळ पुन्हा काढा, जोडजाड करू नका.

एक सोडून एक बिंदू जोडले की दोन त्रिकोण. प्रत्येक बाजू 104 सेंटिमीटर यायला हवी.

इथे जरा थांबायला हवं, कारण या आकृतीवरून दारात वाद होतात. कुणी म्हणतं हा ज्यूंचा तारा, आपल्या दारात नको. कुणी म्हणतं मूळ आपला, बाकीच्यांनी उचलला. दोन्ही बोलणी निराधार आहेत. ज्याच्या हातात कंपास आला त्याला सहा बिंदू आपोआप सापडतात, कारण त्रिज्या वर्तुळात बरोबर सहा वेळा बसते. म्हणून तंत्रात अनाहत म्हणजे हृदयाच्या चक्राच्या बारा पाकळ्यांच्या आत षट्कोन आहे, दक्षिणेत तो मुरुगनचा, म्हणजे कार्तिकेयाचा आहे, मुस्लिम परंपरेत तो सुलेमानची मुद्रा म्हणून ओळखला जातो, आणि दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याच्या कमानींवर दगडात जडवलेला दिसतो. ज्यूंमध्ये तो ‘दावीदची ढाल’. 1354 मध्ये प्राग शहरातल्या ज्यूंना स्वतःचं निशाण ठेवायची परवानगी मिळाली, त्या निशाणाशी हा तारा जोडला जातो. इस्राएलच्या झेंड्यावर तो 1948 मध्ये आला. आपल्याकडे वर टोक असलेला त्रिकोण शिव, खाली टोक असलेला शक्ती. दोघं एकमेकांत गुंतलेले असतात, एकावर एक ठेवलेले नसतात. त्यामुळे गुंफण चुकली की आकृतीचा अर्थच बदलतो, आणि बहुतेक रांगोळ्या नेमक्या इथेच फसतात.

गुंफणीला पट्टा लागतो. मध्यबिंदूपासून सहाही बिंदूंपर्यंत फिकट रेघा मारा. त्या 52च्या वर्तुळाला जिथे छेदतात ते बिंदू तसेच एक सोडून एक जोडा. आतल्या त्रिकोणाची बाजू 90 येते आणि दोन रेघांमध्ये सगळीकडे 4 सेंटिमीटरचा पट्टा मिळतो. टोकाशी तो 8 दिसेल, ते बरोबरच आहे, कमी करायला जाऊ नका.

दोन पट्टे छेदतात तिथे सहा छोटे समभुज चौकोन तयार होतात. त्या प्रत्येकात कुणाचा पट्टा वरून जाणार, हे रांगोळीला हात लावण्याआधी ठरवायचं. एक त्रिकोण धरून त्याच्या बाजूंवरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चालत राहा. प्रत्येक बाजूवर दोन छेद येतात: पहिल्यावर तुमचा पट्टा वरून, दुसऱ्यावर खालून. वरचा पट्टा असेल त्याचं अक्षर चौकोनात खडूने लिहा, शिवाचा पांढरा म्हणून ‘प’, शक्तीचा लाल म्हणून ‘ल’. दोन्ही त्रिकोणांना दिशा तीच. एक त्रिकोण उजवीकडून आणि दुसरा डावीकडून फिरवला की एकाच चौकोनावर दोघांचाही ‘वरून’चा हक्क लागतो, आणि मग लोक अंदाजाने खोडाखोड करतात. गोल फिरून अक्षरं वाचा: प, ल, प, ल, प, ल. शेजारी दोन सारखी आली की गुंफण तुटली. सहाही ‘प’ आले तर शिव शक्तीवर नुसता पडलेला आहे.

मग खालच्या पट्ट्याच्या रेघा चौकोनातून पुसा. चौकोनाच्या आत वरच्याचाच रंग भरायचा. खालचा रंग आधी टाकून त्यावर वरचा टाकला तर दोन्ही मिसळून गढूळ दिसतात. वरच्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना अर्धा सेंटिमीटर फरशी उघडी सोडा. एवढ्याशा काळ्या रेघेमुळे खालचा पट्टा खरोखर आत शिरल्यासारखा दिसतो. ही रेघ सोडली नाही तर सगळं गणित बरोबर असूनही तारा सपाट दिसतो.

भरण्याला विशेष सांगण्यासारखं नाही. शिवाला पांढरी रांगोळी, शक्तीला कुंकवाचा लाल.

सांगलीत हळद घरोघरी, त्यामुळे पिवळ्याचा मोह होतो. हळद ताऱ्याच्या मधल्या सहा बाजूंच्या षटकोनापुरतीच ठेवा. नवं सिमेंट किंवा चुना लागलेल्या ओलसर जागी हळद लाल पडते. पारंपरिक कुंकू हळदीला चुना लावूनच करतात, तेच इथे न मागता घडतं. दुसरं असं की अख्खा पिवळा तारा काढू नये. 1941 मध्ये नाझी जर्मनीने ज्यूंना कपड्यांवर पिवळा षट्कोनी तारा लावायची सक्ती केली होती. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या घराण्यातलं कुणी पाहुणं आलं, तर दारात ते त्यांच्यासमोर मांडायचं कारण नाही. पांढरा आणि लाल पुरे.

मधल्या षटकोनात ॐ, श्री किंवा कमळ, जे घरात चालतं ते. खडूच्या उरलेल्या रेघा ओल्या फडक्याने नव्हे, कोरड्या ब्रशने झटका.