सोलापूरच्या उन्हाळ्यात मांजराच्या पिल्लाला पाण्याची सवय लावताना

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा 42 अंशांच्या पुढे सरकू लागला, की घरात नव्याने आलेले मांजराचे पिल्लू पाण्याकडे ढुंकूनही पाहत नाही, ही तक्रार हमखास कानावर येते. पिल्लू यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या पोत्यांमागे सापडलेले असो किंवा जुन्या वाड्याच्या माळवदावरून खाली आणलेले असो, आपला घसा कोरडा पडलेला असताना ते मात्र भरलेली वाटी ओलांडून निवांत निघून जाते आणि घरातल्यांच्या जिवाची घालमेल सुरू होते. या घालमेलीतूनच मग चमच्याने किंवा सिरिंजने पाणी पाजण्याचा खटाटोप होतो. पहिल्या पिल्लाच्या वेळी मीही तो केला होता. पिल्लाला जोराचा ठसका लागला, नाकातून पाणी आले आणि पुढचे दोन दिवस ते वाटी दिसताच कपाटाखाली शिरू लागले. त्या दिवशी नुसत्या ठसक्यावर निभावले हे नशीब, कारण असे पाणी श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसांना सूज येऊन लहान पिल्लू दगावू शकते.

म्हणून पाण्याचा विचार करण्याआधी पिल्लाचे वय पाहावे. चार आठवड्यांच्या आतील पिल्लाला वेगळे पाणी लागतच नाही. त्याची सगळी गरज आईच्या दुधातून भागते आणि आई नसेल, तर पिल्लांसाठी मिळणाऱ्या दुधाच्या पावडरीतून, जी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कोमट पाण्यात कालवून, पिल्लाला पोटावर ठेवून बाटलीने पाजायची असते. उताणे धरून कधीही पाजू नये. दूध सुटण्याची प्रक्रिया साधारण चौथ्या आठवड्यात सुरू होऊन आठव्या आठवड्यापर्यंत चालते आणि पाण्याची ओळख करून देण्याचा काळही हाच असतो. वय माहीत नसेल, तर वजनावरून अंदाज बांधता येतो. महिन्याच्या पिल्लाचे वजन साधारण 400 ते 500 ग्रॅम आणि दोन महिन्यांच्या पिल्लाचे 800 ते 900 ग्रॅम भरते, मात्र उपाशी राहिलेले पिल्लू वयाच्या मानाने हलके असू शकते.

आता हिशेब पाहू, कारण निम्मी काळजी या हिशेबानेच मिटते. मोठ्या मांजराला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागते आणि वाढत्या पिल्लाला त्या मानाने थोडे अधिक. म्हणजे 800 ग्रॅमच्या पिल्लाची दिवसभराची गरज चहाच्या अर्ध्या कपाच्या आसपास येते आणि त्यात अन्नातून मिळणारे पाणीही धरलेले असते. पाकिटातल्या ओल्या खाद्यात पाऊण हिस्स्याहून अधिक पाणीच असते, त्यामुळे 80 ग्रॅमचे एक पाकीट संपवणाऱ्या पिल्लाच्या पोटात 60 मिलिलिटरच्या आसपास पाणी आपोआप जाते. असे पिल्लू वाटीला तोंड लावत नसेल, तर त्यात नवल नाही. याउलट कोरड्या दाण्यांत पाण्याचे प्रमाण जेमतेम दहा टक्के असते आणि 40 ग्रॅम दाणे खाणाऱ्या पिल्लाला त्यातून चारच मिलिलिटर पाणी मिळते. मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशांत राहणारे रानमांजर होते. त्याला शिकारीच्या मांसातूनच बरेचसे पाणी मिळे आणि त्याची मूत्रपिंडे थोड्या पाण्यात भागवून घेत, म्हणूनच आपल्या घरातल्या मांजरालाही तहान उशिरा जाणवते. तहान लागली की ते पिईलच, या भरवशावर कोरडे दाणे ठेवून मोकळे होता येत नाही.

यावरून पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपाय ताटलीतच दडलेला आहे, हे लक्षात यावे. कोरडे दाणे कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवून, बोटाने दाबले की चुरतील इतके मऊ करून द्यावेत. पहिल्या दिवशी दाणे नुसते ओले करावेत आणि पिल्लू खात आहे असे दिसले, की दर दिवशी चमचाभर पाणी वाढवत ते पातळ लापशीपर्यंत न्यावे. ओल्या खाद्यातही एक-दोन चमचे कोमट पाणी सहज खपते. आपल्याकडच्या उन्हात हे भिजवलेले अन्न लवकर आंबते, त्यामुळे थोडे थोडे द्यावे आणि तासाभरात न संपलेले उचलून टाकावे. कोंबडीचे हाड नसलेले मांस साध्या पाण्यात उकळून निघालेला पातळ रस्सा चमचाभर घातला, तर नाक मुरडणारे पिल्लूही ताटली चाटून पुसून ठेवते. मात्र त्यात मीठ, हळद, तिखट काहीही नको आणि कांदा-लसूण तर मुळीच नको, कारण त्यांनी मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. जेवताना मायेपोटी शेंगाचटणी लागलेला भाकरीचा तुकडा पिल्लापुढे टाकण्याची सवय अनेक घरांत असते. त्या चटणीतही लसूण असतो, तेव्हा ही सवय मोडलेली बरी.

दुधाबद्दल थोडे कठोर लिहावे लागेल. मांजर आणि दूध ही जोडी आपल्या मनात इतकी घट्ट बसलेली आहे, की पिल्लू पाणी पीत नाही म्हटल्यावर गाई-म्हशीच्या दुधाची बशी पुढे येतेच. दूध सुटल्यानंतर पिल्लाची त्यातील साखर पचवण्याची शक्ती कमी होत जाते आणि पुष्कळ पिल्लांना अशा दुधाने जुलाब लागतात. मग जितके पाणी पोटात गेले, त्याहून अधिक बाहेर पडते. दुधात पाणी मिसळून देणे हाही त्यावरचा उतारा नव्हे.

भांडे निवडताना पिल्लाच्या उंचीवरून विचार करावा. काठ अडीच-तीन सेंटिमीटरहून उंच नसावा, तोंड रुंद असावे आणि तळ जड असावा. चिनी मातीची बशी किंवा कुंभाराकडची पसरट मातीची थाळी यासाठी उत्तम ठरते, तर प्लास्टिकला चरे पडून त्यात वास आणि जंतू साठतात. बशी काठापर्यंत भरावी, म्हणजे मिशा कडांना न घासता आणि डोके आत न खुपसता पिता येते. मांजर जीभ पाण्यात बुडवून पाणी उचलत नाही. जिभेच्या टोकाचा वरचा भाग पृष्ठभागाला नुसता टेकवून झटक्याने मागे घेते आणि त्यासरशी वर ओढला गेलेला पाण्याचा बारीक स्तंभ तोंड मिटून पकडते. अमेरिकेतील संशोधकांनी 2010 मध्ये वेगवान चित्रीकरणातून ही क्रिया उलगडून दाखवली. मोठे मांजर सेकंदाला तीन-चार वेळा ती करते. आचळ चोखायची सवय असलेल्या पिल्लाला ही कसरत शिकायला वेळ लागतो आणि सुरुवातीला ते नाक बुडवून शिंकते, पंजा मारते, बशीतच उभे राहते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

शिकवण्याची रीत सोपी आहे, परंतु ती सावकाश करावी लागते. खेळून दमल्यावर किंवा खाणे झाल्यावर पिल्लाला बशीजवळ बसू द्यावे, स्वच्छ बोट रश्श्यात किंवा कोमट पाण्यात बुडवून त्याच्या नाकासमोर धरावे आणि ते चाटू लागले, की बोट हळूहळू खाली नेत पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवावे. पिल्लू बोटाच्या मागोमाग येते आणि चाटता चाटता जीभ पाण्याला लागते. दोन-तीन मिनिटांत जमले नाही, तर सोडून द्यावे आणि पुढच्या खाण्यानंतर पुन्हा करून पाहावे. डोके धरून तोंड पाण्यात दाबू नये. आई किंवा दुसरे सुदृढ मोठे मांजर घरात असेल, तर आपल्याला फारसे काही करावे लागत नाही, कारण पिल्ले पाहून शिकतात.

बशी खाण्याच्या ताटलीपासून आणि शी-शूच्या मातीच्या ट्रेपासून दूर, रहदारी नसलेल्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवावी. शहाबादी फरशीचा न्हाणीघराजवळचा गार पट्टा पिल्ले दुपारी आपणहून शोधून काढतात, तिथेच एक बशी ठेवली तर जाता-येता तोंड लावले जाते. दोन-तीन ठिकाणी बशा असाव्यात. सकाळ-संध्याकाळ पाणी बदलावे, बशी घासून काढावी आणि मातीची थाळी तर रोज काथ्याने घासून उन्हात वाळवावी, नाहीतर तिला बुळबुळीत थर धरतो.

आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, ही गोष्ट पिल्लाच्याही वाट्याला येते. पाणी आले त्या दिवशी कधी कधी त्याला क्लोरिनचा उग्र वास असतो आणि नाकाने चालणारे मांजर ते नाकारते. असे पाणी रुंद भांड्यात, जाळीने झाकून काही तास ठेवले, की वास बराच उतरतो. बोअरचे जड पाणी देण्यापेक्षा आपण पितो तेच माठातले पाणी द्यावे. आमच्या घरच्या पिल्लांनी फ्रीजच्या पाण्यापेक्षा माठाच्या पाण्याला नेहमीच पसंती दिली आहे. साठवणीच्या पिंपांवर आणि हौदावर घट्ट झाकण हवेच, कारण वाकून पाहणारे पिल्लू आत पडले, तर गुळगुळीत कडांवरून त्याला वर येता येत नाही. फिनेल घातलेली बादली उघडी ठेवू नये आणि त्या पाण्याने पुसलेल्या ओल्या फरशीवर पिल्लाला सोडू नये. फिनेलमधील विषारी घटकांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही आणि पंजे चाटूनही विषबाधा होऊ शकते. कूलरच्या टाकीतले साचलेले पाणीही त्याच्या तोंडी लागू देऊ नये.

पिल्लू किती प्यायले हे कळण्यासाठी सिरिंजचा खरा उपयोग होतो, तो मोजण्यासाठी. सकाळी बशीत 60 मिलिलिटर पाणी मोजून घालावे आणि संध्याकाळी उरलेले मोजावे. मात्र आपल्या कोरड्या हवेत बरेच पाणी नुसतेच उडून जाते, म्हणून तशीच दुसरी बशी तितकेच पाणी घालून, त्याच खोलीत पिल्लाचा पंजा पोहोचणार नाही अशी ठेवावी. दोन्ही बशांत जितका फरक पडला, तितकेच पाणी पिल्लाने प्यायले किंवा सांडले. सोबत स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज एकाच वेळी वजन करावे. ते दिवसाला दहा-पंधरा ग्रॅमने वाढत असेल आणि ट्रेमध्ये दिवसातून दोन-तीनदा ओली ढेकळे दिसत असतील, तर बशी भरलेली राहिली तरी चिंता करण्याचे कारण नाही.

चिंता करण्याची चिन्हे वेगळी आहेत. हिरड्या बोटाला चिकट किंवा कोरड्या लागणे, डोळे खोल जाणे, लघवी कमी आणि गडद होणे, पिल्लू हाक मारली तरी मलूल पडून राहणे, अशा स्थितीत बोटाने चाटवण्याचे प्रयोग थांबवून त्याला पशुवैद्यकाकडे न्यावे. खांद्यावरची कातडी उचलून पाहण्याची खूण मोठ्या मांजरात उपयोगी पडते, पण अगदी लहान पिल्लात ती फसवी ठरते. उलट्या-जुलाब सुरू असतील किंवा पिल्लू बशीवर मान टाकून बसूनही पाणी पीत नसेल, तर संध्याकाळची वाट पाहू नये, कारण लस न दिलेल्या पिल्लात हे मांजरांच्या जीवघेण्या विषाणुजन्य आजाराचे, पॅनल्युकोपेनियाचे लक्षण असू शकते. घरातली क्षारसंजीवनी अंदाजाने पाजू नये. गरज असेल तर पशुवैद्यक कातडीखाली सलाईन देतात आणि त्याचे प्रमाण वजनावरून ठरवतात, म्हणून गेल्या काही दिवसांच्या वजनाच्या व पाण्याच्या नोंदी सोबत न्याव्यात. दुपारच्या उन्हात नेताना टोपलीवर ओला सुती पंचा टाकावा आणि हवा खेळती राहील अशी एक बाजू उघडी ठेवावी.