कामठीचा एफआयआर ‘ग्रामीण’मध्ये सापडत नाही
महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर कामठी किंवा वाडीचा एफआयआर शोधताना बहुतेक जण ‘नागपूर ग्रामीण’ निवडतात आणि यादी रिकामी येते. ही ठाणी शहर आयुक्तालयात येतात, म्हणून ‘नागपूर शहर’ घ्या. तारीखही पुढेमागे दोन-चार दिवस ठेवा, कारण घटनेची आणि नोंदीची तारीख वेगळी असू शकते. लैंगिक अत्याचारासारखे गुन्हे पोर्टलवर टाकतच नाहीत. फिर्यादीला एफआयआरची प्रत मोफत मिळते. झेरॉक्सचे पैसे मागितले तर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३(२) दाखवा. अटक झालेल्यांची नावं ठाण्यात लावलेली असायला हवीत, त्याच कायद्याचं कलम ३७.

बाकी कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘संपूर्ण फाइल द्या’ लिहिलं की तपास सुरू असल्याचं कारण देऊन नकार येतो. गुन्हा क्रमांक, वर्ष आणि नेमका कागद लिहा.