सीपॅपचा मास्क: बसवावा कसा, जपावा कसा

सीपॅपचं मशीन, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया या झोपेतल्या श्वासाच्या त्रासावर मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, घेतल्यावर महिन्या-दोन महिन्यांत कपाटात जातं, ते बहुतेक वेळा मास्कमुळे. हवा डोळ्यांत जाते, नाकाच्या दांड्यावर वळ उठतो, मध्यरात्री पट्टे आवळत बसावं लागतं आणि माणूस कंटाळून म्हणतो, 'मला नाही जमणार हे.' हे टाळता येतं, आणि टाळायलाच हवं. स्लीप अ‍ॅप्नियात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट पुन्हा पुन्हा मिटते. सीपॅप हवेच्या दाबाने ती उघडी ठेवतो, पण मास्क अंगावर असेल तोवरच.

मास्क निवडताना

मास्क मुख्यतः तीन प्रकारचे असतात. नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणारा छोटा पिलो मास्क, फक्त नाक झाकणारा नेझल मास्क आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुलफेस. तोंड मिटून पाच-दहा मिनिटं नाकाने आरामात श्वास घेता येत असेल, तर नाकाच्या मास्कने सुरुवात करा. फुलफेसचा घेर मोठा, त्यामुळे हवा गळायला जागाही जास्त. झोपेचे डॉक्टरही सहसा नाकाचाच मास्क आधी वापरून बघायला सांगतात. नाक कायम चोंदलेलं असेल किंवा तोंड उघडं ठेवून झोपायची सवय मोडतच नसेल, तर फुलफेस. झुपकेदार मिशी असेल, किंवा चेहऱ्यावर काही आलं की जीव घुसमटत असेल, तर पिलो मास्क बरा. मात्र दाब जास्त असला तर तो नाकपुड्यांना टोचतो.

माप अंदाजाने घेऊ नका. बऱ्याच कंपन्या मापाची पट्टी देतात, ती चेहऱ्याला लावून बघा. विक्रेता घरी आला तर दोन मापं घालून दाखवायला सांगा. संकोच नको, हा मास्क रोज रात्री तुम्हाला घालायचा आहे.

बसवायची पद्धत

बहुतेक जण आरशासमोर उभं राहून, मशीन बंद ठेवून मास्क बसवतात आणि इथेच गडबड होते. आडवं झालं की गाल आणि जबडा सैल पडतो, चेहऱ्याचा आकार बदलतो. म्हणून असं करा.

१. चेहरा साबणाने धुऊन पुसा. रात्रीचं क्रीम नको. डोक्याला खोबरेल तेल लावायचं असेल तर ते सकाळी लावा. तेलाने कुशन, म्हणजे मास्कची चेहऱ्याला टेकणारी मऊ गादी, घसरतं आणि सिलिकॉन लवकर खराब होतं.

२. पट्टे पुरेसे सैल करून मास्क चढवा आणि नेहमीच्या उशीवर, नेहमीच्या कुशीवर आडवे व्हा.

३. मशीन सुरू करा. रॅम्प, म्हणजे दाब हळूहळू वाढवण्याची सोय चालू असेल, तर मास्क बसवेपर्यंत ती बंद ठेवा, म्हणजे पूर्ण दाबावर पारख होईल.

४. आता मास्क दोन बोटांनी धरून चेहऱ्यापासून किंचित वर उचला आणि हलकेच परत टेकवा. बहुतेक सिलिकॉन कुशनच्या कडेला एक पातळ पडदा असतो. हवा आत शिरली की तो फुगतो आणि त्वचेला लागून बसतो. खरं सील तो पडदा करतो. पट्टे आवळले की तो चुरगळतो आणि गळती उलट वाढते.

५. मग पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे थोडे ओढा. खालचे आधी, वरचे नंतर. गळती थांबली की हात थांबवा. पट्ट्याखाली बोट सहज सरकलं पाहिजे.

सकाळी नाकावर तासाभरानेही न जाणारा लाल वण दिसला, तर पट्टे घट्ट आहेत किंवा माप चुकलं आहे. डोळे चुरचुरत असतील तर वरून हवा गळते आहे. तोंड कोरडं पडत असेल तर झोपेत तोंड उघडतं आहे. डॉक्टरांना विचारून हनुवटीचा पट्टा लावून बघा. दाढीचे खुंट वाढले तरी सील बिघडतं, हे पुरुषांच्या लक्षातच येत नाही.

सवय होईपर्यंत घाई करू नका. आधी संध्याकाळी टीव्ही बघताना, जागेपणी, मशीन सुरू ठेवून मास्क घाला. मग दुपारच्या डुलकीला आणि मग रात्री.

मास्कवर बारीक छिद्रं असतात. उच्छ्वासाची हवा तिथून बाहेर जाते. गळती समजून ती चिकटपट्टीने कधीही बुजवू नका. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकी चाप असतात. तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल तर मास्क घेण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

धुणं आणि वाळवणं

रोज सकाळी कुशन सुटं करून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. पट्टे, नळी आणि पाण्याची टाकी आठवड्यातून एकदा. डेटॉल, स्पिरिट, ब्लीच नको; सिलिकॉन कडक होतं आणि तो वास रात्रभर छातीत जातो. फोमचं कुशन मात्र पाण्यात बुडवायचं नसतं, ते फक्त पुसायचं. ओझोनने साफ करणारी यंत्रंही विकतात, ती नकोत: अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० मध्ये त्यांबद्दल सावध केलं होतं, कारण उरलेला ओझोन फुप्फुसांना त्रास देतो.

ह्युमिडिफायरच्या, म्हणजे मशीनच्या हवेला ओलावा देणाऱ्या भागाच्या, टाकीत रोज ताजं डिस्टिल्ड पाणी घाला आणि सकाळी उरलेलं ओतून टाका. बोअरवेलच्या पाण्याने तळाशी पांढरा क्षार धरतो. धरलाच, तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी घालून अर्धा तास ठेवा आणि भरपूर पाण्याने खळबळून घ्या.

पावसाळ्यात जास्त जपावं लागतं. कोकणात, मुंबईत जुलैमध्ये कापडी पट्टे दिवसभरातही वाळत नाहीत आणि ओलसर राहिले की बुरशी धरतात. ते सकाळी लवकर धुऊन पंख्याखाली टांगा. नळीचं तोंड खाली ठेवून ती आडव्या दांडीवर लोंबती ठेवा, म्हणजे आत पाणी साचणार नाही. रात्री नळीत पाणी खळखळायला लागलं, तर ह्युमिडिफायरची उष्णता एक पायरी कमी करा, नळीला सुती कापडाचं वेष्टण घाला आणि मशीन डोक्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवा.

कधी बदलावा

कुशन पिवळं पडलं, मऊ पडून चिकट लागायला लागलं, किंवा कालपर्यंत पुरत असलेला पट्टा आज आणखी आवळावा लागला, की नवं कुशन घ्या. अख्खा मास्क बदलायची गरज सहसा नसते, सुटे भाग मिळतात. ताण गेलेले पट्टेही वेगळे मिळतात. मशीनचं फिल्टर दर महिन्याला बघा; रस्त्यालगत घर असेल तर ते लवकर काळं पडतं.

वीज गेली आणि मशीन थांबलं, तर मास्क काढून ठेवा. फुलफेसमध्ये मशीन थांबल्यावर बाहेरची हवा आत घेणारी एक झडप असते, ती धुताना मोकळी हलते ना ते पाहा. भारनियमनाच्या भागात इन्व्हर्टरवर चालवायचं असेल, तर ह्युमिडिफायर बंद ठेवा. बॅटरी जास्त तोच खातो.

मशीनच्या पडद्यावर किंवा अ‍ॅपवर एएचआय दिसतो, म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडला किंवा उथळ झाला. तो पाचच्या वर राहायला लागला, किंवा नीट मास्क घालूनही दिवसा डुलक्या येत असतील, तर दाब स्वतः बदलू नका, डॉक्टरांना आकडे दाखवा. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, तर भूलतज्ज्ञांना स्लीप अ‍ॅप्नियाबद्दल आधीच सांगा आणि दवाखान्यात जाताना मशीन व मास्क सोबत न्या. भुलीच्या औषधांनी घसा आणखी सैल पडतो. त्या रात्री सीपॅप लागतोच.