पीपीपीचा आकडा वाचताना या चुका टाळा

परभणीतल्या आमच्या अभ्यासिकेत परवा एका मुलीने फळ्यावर गणित मांडलं. जागतिक बँकेची आधीची दारिद्र्यरेषा माणशी रोज 2.15 डॉलर, 2017 सालचा डॉलर 65 रुपयांचा, म्हणजे 140 रुपये. "सर, चार माणसांच्या घराला रोजचे 560 लागतात. मग आमची निम्मी गल्ली गरीब निघते की!"

गुणाकार बरोबर होता, डॉलर चुकीचा होता. ते 2.15 डॉलर बँकेत बदलून मिळणारे नव्हेतच. ते क्रयशक्ती समतेचे, म्हणजे पीपीपीचे डॉलर: अमेरिकेत एका डॉलरला जेवढा माल येतो, तेवढाच इथे घ्यायला जितके रुपये लागतात, तितक्यांचा एक डॉलर धरायचा. त्या वर्षी असा एक डॉलर भारतात साधारण 21 रुपयांचा होता, म्हणून रेषा येते 45 रुपयांच्या आसपास. आता रेषा 2021 च्या किमतींवर 3 डॉलर झाली आहे आणि लोक तिलाही आजच्या विनिमय दराने गुणतात. सगळ्या चुकांत मला हीच जास्त खटकते, कारण इथे किती माणसं गरीब मोजायची हेच बदलून जातं.

हा 21 रुपयांचा डॉलर येतो कुठून? आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमात देशोदेशीचे भाव गोळा होतात: तांदूळ, कपडे, घरभाडं, दवाखाना, बांधकाम, सरकारी पगारसुद्धा. 2017 च्या फेरीत भारताचा दर निघाला 20.65 रुपये, तर बाजारातला डॉलर होता 65.12 चा. एवढी तफावत का, ते कटिंगच्या दुकानात बसलं की कळतं. आमच्याकडे 80 रुपयांत केस कापून होतात. अमेरिकेत तीच कात्री, तेवढाच वेळ, पण कारागिराची मजुरी कितीतरी जास्त. आणि कटिंग काही जहाजात भरून पाठवता येत नाही, त्यामुळे दोन्हीकडचे भाव कधी जुळतच नाहीत.

दुसरी चूक, एकच आकडा दोनदा बदलणं. 2017 ची आपली जीडीपी सुमारे 166 लाख कोटी रुपये. तिला 65.12 ने भागलं तर 2.55 लाख कोटी डॉलर, 20.65 ने भागलं तर 8.05 लाख कोटी. काही मुलं आधीच डॉलरमध्ये असलेले 2.55 घेऊन पुन्हा 20.65 ने भागतात. सुरुवात कायम रुपयांपासून करा. उत्तर विचित्र वाटलं तर दोन आकड्यांचं गुणोत्तर पाहा. 2017 साठी ते तीनच्या थोडं वर यायलाच हवं.

पीपीपीने मोजलं तर भारताची अर्थव्यवस्था चीन आणि अमेरिकेनंतर तिसरी, हे खरं आहे. पण त्यावरून "आपला रुपया खरं तर तिप्पट ताकदीचा" असा अर्थ काढू नका. मोंढ्यात सोयाबीन घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला विचारा. त्याच्या मालाचा भाव शिकागोच्या बाजाराबरोबर आणि खाद्यतेलाच्या आयात शुल्काबरोबर हलतो. ट्रॅक्टरमधल्या डिझेलचंही तेच, कारण 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आपण बाहेरून आणतो. आयात, परकीय कर्ज, शस्त्रखरेदी यांचे पैसे बाजारातल्या डॉलरनेच मोजावे लागतात. तिथे पीपीपी वापरलंत तर हिशेब साफ चुकला. किती माल-सेवा तयार झाल्या, लोकांच्या वाट्याला काय आलं, एवढ्याच प्रश्नांसाठी तो आकडा आहे. त्यातही एकूण आकडा सांगून थांबू नका, 140 कोटींहून जास्त माणसांत तो भागून दाखवा.

आणखी एक. 20.65 हा अख्ख्या देशाचा दर आहे. पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला आणि परभणीत घरून डबा आणणाऱ्या मुलाला शंभराची नोट सारखी पुरत नाही. जिल्ह्याच्या दरडोई उत्पन्नाला या दराने भागून "मराठवाड्याचं पीपीपी" काढू नका. आपल्याकडचे आणि मुंबईचे भाव वेगळे आहेत, ही गोष्ट त्यात कुठेच येत नाही.

शेवटी साल तपासा. 2005 च्या फेरीत चीन पहिल्यांदा सामील झाला. डिसेंबर 2007 मध्ये निकाल आले आणि चीनची पीपीपी जीडीपी कागदावर सुमारे 40 टक्क्यांनी खाली आली. एकही कारखाना बंद पडला नव्हता, फक्त भाव पहिल्यांदा नीट मोजले गेले होते. जुन्या पुस्तकातला एक आकडा आणि नव्या संकेतस्थळावरचा दुसरा शेजारी ठेवून वाढीचा वेग काढलात, तर अशीच पडझड किंवा झेप दिसेल. वाढ बघायची असेल तर स्थिर किमतींची, म्हणजे महागाई वगळलेली, सगळी वर्षं एकाच तक्त्यातून, एकाच वेळी उतरवून घ्या.