कुत्र्याच्या अंगाचा वास: शॅम्पूआधी हुंगून बघा

पावसाळ्यात कुत्र्याला कुबट वास यायला लागला की लोक त्याला दर दोन दिवसांनी आंघोळ घालतात. पण वास कानातून येत असेल तर अंग कितीही घासा, तो तसाच राहतो. म्हणून आधी कान, तोंड, पंजे आणि शेपटीखाली हुंगून बघा. किळस वाटेल, पण निम्मं निदान इथेच होतं.

कानात तपकिरी मळ आणि आंबूस वास असेल तर बहुधा बुरशी आहे. लॅब्रॅडोर, कॉकर स्पॅनियल अशा लोंबत्या कानांच्या कुत्र्यांत हे फार. कान लाल किंवा दुखरा असेल, कुत्रा मान तिरकी धरत असेल, तर पडदा फाटलेला असू शकतो. डॉक्टरांनी बघेपर्यंत कानात काहीही घालू नका. तसं नसेल तर कुत्र्यांचं इअर क्लीनर कानात भरा, मुळाशी अर्धा मिनिट चोळा, त्याला डोकं झटकू द्या आणि वर आलेला मळ कापसाने पुसा. बड वापरलीत तर मळ आत ढकलला जातो.

सडक्या मासळीसारखा वास आणि जमिनीवर बूड घासणं, म्हणजे गुदद्वाराजवळच्या दोन ग्रंथी तुंबल्या. त्या घरी पिळू नका, डॉक्टरांकडून रिकाम्या करून घ्या.

आता आंघोळ. निरोगी कुत्र्याला साधारण महिन्यातून एकदा पुरते. आपला शॅम्पू नको. कुत्र्याची त्वचा आपल्याइतकी आम्लधर्मी नसते, आपल्या शॅम्पूने ती कोरडी पडून खाजते. आधी केस विंचरा, कारण भिजलेला गुंता आणखी घट्ट होतो आणि आत पाणी धरून ठेवतो. मग कोमट पाणी कातडीपर्यंत पोचवा. त्वचा तेलकट आणि वास उग्र असेल तर डॉक्टर बहुतेक वेळा 2 टक्के क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) आणि 2 टक्के मायकोनॅझोल (बुरशीनाशक) असलेला शॅम्पू देतात, आठवड्यातून दोनदा. तो घड्याळ लावून 10 मिनिटं अंगावर ठेवायचा. दोन मिनिटांत धुऊन टाकून 'गुण येत नाही' म्हणणारेच जास्त. बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवा.

खरी चूक वाळवण्यात होते. केस ओले राहिले की त्यांवरचे जिवाणू नि बुरशी वाढतात, आणि दुसऱ्याच दिवशी वास परत. टॉवेल दाबून पाणी टिपा, नंतर ड्रायर थंड हवेवर. काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या विसरू नका. फिरून आल्यावर पंजेही असेच कोरडे करा. पगच्या चेहऱ्याच्या घड्या रोज पुसाव्याच लागतात.

अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुवा. पावसाळ्यात वाळत नाही, तेव्हा दोन खोळी हव्यातच. अत्तर, पावडर शिंपडू नका, कुत्रा ते चाटतो.

तोंडाचा वास बहुधा दातांवरच्या कीटणाचा. ब्रश करा, पण कुत्र्यांच्याच टूथपेस्टने. माणसांच्या काही पेस्टमध्ये गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल त्यांना विषारी असतं. श्वासाला लघवीसारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास असेल तर मात्र ब्रश ठेवून द्या आणि त्याच दिवशी रक्त-लघवी तपासून घ्या: मूत्रपिंड किंवा मधुमेहाची शंका असते.