अँटिबायोटिकनंतर पोटातलं यीस्ट आणि घरचं ताक
कँडिडा हे यीस्ट (एक प्रकारची बुरशी) निरोगी आतड्यातही थोडं असतंच. अँटिबायोटिकने त्याला दाबून ठेवणारे जिवाणू मरतात आणि ते फोफावू शकतं. म्हणून गरज नसताना अँटिबायोटिक न घेणं हाच मोठा उपाय. ताक ही फक्त जोड.

अर्धा लिटर दूध उकळून, बोट सोसेल इतकं कोमट (40-45 अंश) झालं की चमचाभर विरजण ढवळा आणि 6-8 तास हलवू नका. दूध कढत असेल तर विरजणातले जिवाणूच मरतात, दही लागत नाही. जेवणासोबत वाटीभर ताक घ्या, साखर न घालता.

डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक चालू असतील तर दह्यातलं कॅल्शियम औषध नीट शोषू देत नाही. ताकाची वेळ डॉक्टरांना विचारा. ग्लासभर पाण्यात थुंकून, थुंकीच्या तारा बघून कँडिडा ओळखायची ‘चाचणी’ निरर्थक आहे. तोंडात पांढरे चट्टे आले, गिळताना दुखलं तर घरी थांबू नका, विशेषतः मधुमेहींनी.